वीस-तीस वर्षांची बिडी-सिगरेट कशी सोडावी: निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या माणसांसाठी

दर हिवाळ्यात आमच्याकडे एक गंमत दिसते. रोज दोन बंडलं संपवणारा माणूस अय्यप्पाची माळ घालतो आणि त्या दिवसापासून बिडीला शिवत नाही. ४१ दिवसांचं व्रत, तो अगदी नेटानं पाळतो. शबरीमलाहून परत आला, माळ उतरली, की आठवड्याभरात त्याच पानपट्टीपुढं तो पुन्हा उभा. लोक म्हणतात, देवाची भीती संपली. मी औषधाचं दुकान चालवतो, त्यामुळं माझ्या डोक्यात हिशोब वेगळा चालतो. निकोटिन बंद झाल्यावरचा शरीराचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे माळ उतरायच्या आधीच गड्याचं शरीर मोकळं झालेलं असतं. मग तो पेटवतो कशाला? व्रताच्या काळात त्याची पहाट बदलली होती, जेवण बदललं होतं, संध्याकाळी तो भजनाला जात होता. माळ उतरली आणि कट्टा, चहा, दोस्त सगळं जसंच्या तसं परत मिळालं. त्यातल्या प्रत्येक जागी एक बिडी ठरलेली होती.

म्हणून जुन्या ओढणाऱ्याला 'मनाचा निग्रह कर' असं सांगून फारसं साधत नाही. निग्रह त्याच्याकडे आहे, ४१ दिवस दाखवलेला आहे. त्याला लागते ती त्या ठरलेल्या जागांची आधीच केलेली तजवीज.

आधी चार दिवस फक्त लिहा

पहिले चार दिवस काही सोडू नका. वहीचं मागचं पान घ्या किंवा बंडलाभोवतीच एक कागद रबर लावून गुंडाळा. प्रत्येक बिडी किंवा सिगरेट पेटवण्याआधी तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले, कुठं आहात, सोबत कोण. शेवटी एक खूण, खरोखर तलफ आली होती की हात आपोआप गेला.

वीस ओढणाऱ्याच्या कागदावर साधारणपणे सात-आठच पक्क्या निघतात. सकाळी संडासला जायच्या आधीची. पहिल्या चहाबरोबरची. जेवल्यावरची. उद्यमबागेत काम करत असाल तर शिफ्टच्या सुट्टीत गेटबाहेरची. ऊस घेऊन कारखान्यावर ट्रॅक्टर नंबरला लावला की तासन्‌तास गव्हाणीकडं बघत ओढल्या जातात त्या चार-पाच. रात्री अंथरुणावर पडण्याआधीची. बाकीच्या सगळ्या कुणीतरी पुढं केली म्हणून ओढलेल्या.

या पक्क्या बिड्यांपुढं प्रत्येकी एक पर्याय लिहायचा, आणि तो हाताला काम देणारा हवा. 'मन दुसरीकडं वळवीन' हा पर्याय नाही. जेवल्यावरची असेल तर ताटावरून उठून थेट तोंड धुवायचं, दात घासायचे आणि दहा मिनिटं बाहेर चालायचं. नंबरला लागलेल्या ट्रॅक्टरवर भाजके शेंगदाणे किंवा बडीशेपेची डबी ठेवायची. गेटबाहेरची असेल तर सुट्टीत गेटबाहेर जायचंच नाही, पहिला महिना चहा आतल्या कँटीनला घ्यायचा. तलफेची एक उबळ तीन ते पाच मिनिटं टिकते, फार तर दहा. तेवढा वेळ काढायचा, एवढंच त्या पर्यायाचं काम.

यादीतच आणखी एक गोष्ट बघून ठेवा. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर तुमची ओढ पक्की आहे, औषधाशिवाय भिडू नका.

कारण जवळचं शोधा

सिगरेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग आता कॅन्सरच्या चित्रानं आणि इशाऱ्यानं व्यापलेला असतो. तीस वर्षं ओढणारा त्या चित्रावरच काडेपेटी ठेवतो. भीती शिळी होते. कारण डोळ्यांपुढं रोज दिसणारं हवं. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर जाताना कुठं दम लागतो ते बघून ठेवा, दर महिन्याला तीच चढण पुन्हा चढा. नातू मांडीवर बसल्यावर तोंड फिरवतो का, तेही बघा. कारण असलं चालेल.

'आता सोडून काय करू, वय झालं की माझं' हे मी सर्वांत जास्त ऐकतो. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयींचा १९५१ पासून २००१ पर्यंत, तब्बल ५० वर्षं मागोवा घेतला. त्यात दिसलं की तिशीत सोडणाऱ्याला सरासरी १० वर्षं परत मिळतात, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठीत सोडलं तरी ३. तीन वर्षं म्हणजे नातीचं लग्न बघायला मिळणं. शिवाय सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. हा फायदा फुप्फुसाच्या कॅन्सरच्या धोक्यापेक्षा फार लवकर मिळतो, कॅन्सरचा धोका निम्मा व्हायला दहा वर्षं लागतात.

बिडी पानाची असते म्हणून बरी, हा आपल्याकडचा लाडका समज. तेंदूचं पान कागदासारखं नीट जळत नाही, बिडी विझते, म्हणून झुरके जास्त आणि जोरात ओढावे लागतात. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी जात नाही, उलट जास्तच जातं.

तारीख

पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा. हळूहळू कमी करत सोडणारेही असतात. पण जुना ओढणारा वीसवरून आठवर आला की प्रत्येक बिडी खोल ओढतो, शेवटपर्यंत ओढतो आणि दिवसभर पुढच्या बिडीची वाट बघत बसतो. माझं मत तारखेच्या बाजूनं आहे, त्या सकाळपासून एकही नाही.

तारीख ऐन गळीत हंगामात नको. तंबाखूची काढणी चालू असतानाही नको. बेळगावात शिवजयंतीची चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, गणपतीच्या मंडपात जागरणं असतात, त्यांच्या आसपासही नको. श्रावण बरा, घरात तसंही सोवळं वातावरण असतं. पण श्रावणापुरतं सोडतो असं कुणाला सांगू नका, स्वतःलाही नाही. शेवटचा दिवस माहीत असलेलं व्रत त्या दिवशी सुटतं. आषाढीला माळ घालून वारकरी झालेल्यांचं टिकतं, कारण तुळशीची माळ उतरवायची तारीख नसते.

आदल्या रात्री घरातली बंडलं, लायटर, रक्षापात्र, गाडीच्या डिकीतलं राखीव पाकीट, शेतातल्या खोपीत खोचलेली काडेपेटी, सगळं काढा. खोप हमखास विसरते. अंगावरची शाल आणि स्वेटर धुवायला टाका, धुराचा वास त्यांत महिनोन्‌महिने राहतो.

औषधं, आणि ती कशी घ्यायची

निकोटिनचा गम २ आणि ४ मिलिग्रॅमचा मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासात ओढणाऱ्याला ४ चा लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. माझ्या दुकानात गम नेणारे निम्मे लोक आठवड्यात परत येऊन सांगतात, 'उपयोग नाही हो, नुसत्या उचक्या लागायल्यात.' विचारलं की कळतं, ते तो च्युइंग गमसारखा कचाकचा चावत होते. असा चावला तर निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या आणि जळजळ होते, आणि तलफ तशीच राहते. गम सावकाश चावायचा, तोंडात तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मधे धरून ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, जागा बदलून ठेवायचा. असा अर्धा तास.

दुसरी अडचण चहाची. चहा, कॉफी, कोकम, लिंबू सरबत घेतल्यावर १५ मिनिटं गम नको, गम तोंडात असताना तर नाहीच. आंबट पेयांनी निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. आपला माणूस बिडी चहाबरोबर ओढत होता, म्हणून गमही चहाबरोबरच तोंडात टाकतो आणि पैसे वाया घालवतो.

सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला २४ च्या वर कधीही नाही. मग कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. निकोटिनच्या चिकटपट्ट्या २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमच्या असतात, रोज नवीन जागी कोरड्या त्वचेवर लावायच्या. जास्त ओढणाऱ्याला डॉक्टर पट्टी आणि गम दोन्ही देतात, त्याला घाबरू नका. पट्टीमुळं विचित्र स्वप्नं पडत असतील तर रात्री काढून ठेवा. नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला असेल तर आधी डॉक्टर. गरोदर बाईनंही स्वतःच्या मनानं काही सुरू करू नये.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, त्यामुळं ओळख काढून कुणा दुकानदाराला अडचणीत आणू नका. व्हॅरेनिक्लिन ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करतात आणि साधारण १२ आठवडे देतात. मळमळ होते, म्हणून जेवल्यावर भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. फिट्स येत असतील तर ब्युप्रोपियॉन चालत नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

बिडी सोडून तंबाखू मळायला लागणं, किंवा बायकांनी मिश्री वाढवणं, याला सोडणं म्हणत नाहीत. ई-सिगरेटवर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

पहिला महिना

पहिल्या तीन दिवसांत चिडचिड होते, हात मोकळा मोकळा वाटतो, लक्ष लागत नाही. घरच्यांना आधी सांगून ठेवा. पण खरी अडचण कुणी उघड बोलत नाही ती म्हणजे सकाळचा संडास. निकोटिन आतड्याला चालना देतं आणि पंचवीस वर्षं त्याच्यावर विसंबलेलं पोट दुसऱ्या दिवशी अडून बसतं. 'बिडीशिवाय पोटच साफ होईना' म्हणून तिसऱ्या दिवशी हरणारे कितीतरी बघितले. तारखेच्या दोन दिवस आधीपासूनच रात्री कोमट पाण्यातून इसबगोल घ्या, सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे पाणी प्या, आणि काही न ओढता रोजच्याच वेळेला जाऊन बसा. दोन-तीन आठवड्यांत पोट आपली वेळ धरतं.

चहा निम्मा करा. धुरामुळं यकृत कॅफिन लवकर संपवत होतं. धूर थांबला की तेवढ्याच चहा-कॉफीनं रक्तात जास्त कॅफिन राहतं, छाती धडधडते, झोप उडते, आणि लोक समजतात की बिडी सोडल्यानं असं झालं. दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या चालू असतील (डेरिफायलिन हे नाव आपल्याकडं सगळ्यांना माहीत) तर हीच गोष्ट धोक्याची ठरते. सोडल्यावर तोच डोस जास्त पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना तारीख सांगा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर जरा जास्त वेळा तपासावी.

खोकला पहिले काही आठवडे वाढतो, कफ सुटतो. छाती साफ होते आहे. रक्त पडलं, वजन उतरलं किंवा आवाज बसलेलाच राहिला, तर मात्र तपासणी लांबवू नका.

तोंडाला चव येते आणि भूकही. वर्षभरात चार-पाच किलो वाढणं नेहमीचं. बेळगावात राहून कुंदा खाऊ नका असं मी सांगणार नाही, पण तलफेला उतारा म्हणून तो नको. काकडी, गाजर, शेंगा ठीक.

घरातच बिड्या वळल्या जातात तेव्हा

निपाणी आणि आसपासच्या घरांत ही अडचण वेगळीच. मांडीवरच्या सुपात तंबाखू, ओली पानं, बाजूला वळलेल्या बिड्यांची रास, आणि येता-जाता त्यातली एक उचलणारा नवरा. पानपट्टी बंद करता येते, घर कसं बंद करणार? मजुरी हजार बिड्यांवर मिळते, उचललेली प्रत्येक बिडी बाईला पुन्हा वळावी लागते. हे तिनंच मोठ्यानं म्हणावं. तयार माल झाकणाच्या डब्यात, नापास बिड्या लगेच मोडून तंबाखू परत सुपात. वळायची जागा शक्य असेल तर पडवीत किंवा मागच्या सोप्यात हलवावी, म्हणजे उचलायला मुद्दाम उठून जावं लागेल. तेवढ्या दहा पावलांतच बरेचदा तलफ सरते.

तंबाखू पिकवणाऱ्या घरातला माणूस आणखी एक ओझं वाहतो. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूच्या भावासाठी हायवेवर बसलेली पिढी अजून आहे. ज्या पिकानं घर बांधलं त्याला नावं कशी ठेवायची? ठेवू नका. पिकाचा भाव मागणं आणि स्वतःच्या छातीत धूर भरणं, यांचा एकमेकांशी संबंध नाही. मोसमात खकाणा, म्हणजे तंबाखूची धूळ, नाकात गेला की जुनी ओढ जागी होते हे मात्र खरं, पोती हलवताना तोंडाला ओलं फडकं बांधा आणि गम खिशात ठेवा.

दोस्त, आणि मातीला गेल्यावर

'एक ओढ की, काय मरायलास काय एकानं?' असं म्हणणारा शत्रू नसतो, त्यालाही आतून सोडायचं असतं. 'बिडी सोडलोय' असं सांगितलं तर तो पैज लावल्यासारखा मागं लागतो. 'डॉक्टरनी छातीचा फोटो काढायला लावलाय' असं म्हटलं की गप्प बसतो. बिनधास्त डॉक्टरांचं नाव पुढं करा, त्यांची हरकत नसते.

सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती लग्नात नाही, मातीला गेल्यावर. स्मशानाबाहेर ताटकळत उभं राहायचं, मन जड, बोलायला काही नाही, आणि एक बंडल हातोहात फिरतंय. नको म्हणणंही वाईट दिसतं असं वाटतं. तिथं लाकडं उतरवायला, पाणी आणायला पुढं व्हा. पहिल्या सहा महिन्यांत एकटे जाऊ नका, न ओढणारा एक जण सोबत घ्या.

कायद्याचाही आधार घ्या. कर्नाटकात २०२५ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक ठिकाणी ओढण्याचा दंड १,००० रुपये झाला आहे आणि सुटी सिगरेट विकायला मनाई आहे. सुटी मिळते सगळीकडे, हे तुम्हालाही माहीत, मलाही. पण बसस्टँडवर कुणी पुढं केली तर नकार द्यायला हजार रुपये हे कारण चांगलं आहे.

तिसऱ्या महिन्यात हुरूप कसा टिकवायचा

पहिल्या आठवड्यात सगळे पाठ थोपटतात. तिसऱ्या महिन्यात कुणी विचारत नाही आणि तेव्हाच डोकं म्हणायला लागतं, 'आता ताबा आलाय, एखादी चालेल.' या टप्प्याला भाषणं कामी येत नाहीत, रोज दिसणारी खूण लागते. आमच्याकडं ती सोय दारात चालत येते: पिग्मी, म्हणजे सोसायटीत रोज थोडे थोडे पैसे भरायची बचत.

पिग्मी गोळा करणारा रोज दुकानोदुकानी फिरतो. त्याच्याकडं बिडी-सिगरेटच्या पैशाचं वेगळं खातं काढा. रोज जेवढ्याची ओढत होता तेवढे त्याच्या हातात द्यायचे. १०० रुपये धरले तर वर्षाला ३६,५०० होतात. पण रकमेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रोज संध्याकाळी एक माणूस येऊन उभा राहतो आणि पासबुकावर आकडा टाकतो. त्या दिवशी ओढली असेल तर द्यायला हात आखडतो, आणि त्याला ते कळतं. आमच्या ओळीतला एक टायरवाला असा वर्षभर भरत राहिला आणि त्या पैशात आईचे दोन्ही डोळे करून आणले, आता तो स्वतःहून दुसऱ्यांना पासबुक दाखवतो. सोसायटी मात्र पारखून निवडा, बुडालेल्याही या भागानं पाहिल्या आहेत.

आणि एक ओढली गेलीच तर? त्या एकीनं निकोटिनची सवय लगेच परत येत नाही, परत येते ती 'आता झालंच आहे, उद्यापासून बघू' म्हणून विकत घेतलेल्या बंडलानं. उरलेली बिडी तिथंच मोडून टाका, गम किंवा पट्टी चालू ठेवा, आणि घरी येऊन पहिल्या चार दिवसांसारखं लिहा: किती वाजले होते, कुठं, सोबत कोण. यादीत नसलेली एक जागा सापडली, तिची तजवीज करा. बरेच जण कायमचे सुटण्याआधी दोन-चारदा प्रयत्न केलेले असतात, आधीचे प्रयत्न फुकट जात नाहीत.

मदत कुठं

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. फोन फुकट, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. पहिल्या फोननंतर ते पुढचे फोन स्वतःहून करतात, तेव्हा अनोळखी नंबर म्हणून कापू नका. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेश यायला लागतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याच्या सल्ल्याची चौकशी करा. केएलई आणि मराठा मंडळ या दोन्ही डेंटल कॉलेजांतही विचारा, दात दाखवायला गेलात तर तोंडातले पांढरे-लाल चट्टे त्याच फेरीत तपासून होतील. जाताना ती चार दिवसांची यादी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.